डॉवेल प्लेट पुन्हा पुन्हा अडते? आधी खालचा लाकडी ठोकळा तपासा

डॉवेल (जोडकामातली गोल लाकडी खुंटी) बनवायच्या प्लेटची तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने वाढत जाते. पहिले पाच-सहा डॉवेल झकास निघतात. मग एखादा मध्येच अडकतो, पुढच्याच्या एका बाजूला लांब ओरखडा दिसतो, त्यापुढचा किंचित वाकडा निघतो. प्लेट बोथट झाली असे समजून ती दगडावर घासली जाते. दोन दिवस बरे चालते आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. घासल्यावर फरक पडतो हे खरे, पण घासण्यासाठी प्लेट बहुधा ठोकळ्यातून काढावी लागते, तेव्हा खाली साचलेला भुसा झटकला जातो आणि परत बसवताना स्क्रूही नीट आवळले जातात. गुण येतो तो त्याचा, नाव होते धारेचे.

प्लेट म्हणजे भोके पाडलेली पोलादी पट्टी. लाकडाची कांडी भोकावर धरून वरून लाकडी हातोड्याने ठोकायची. भोकाची वरची कड जास्तीचे लाकूड कापते आणि खालून गोल डॉवेल बाहेर पडतो. भोक वरच्या बाजूला नेमके मापाचे आणि खाली जाताना किंचित रुंद असते, म्हणजे कापलेला भाग पुन्हा घासत नाही. हत्यार इतके साधे, की ते कशावर टेकले आहे याकडे कोणी बघतच नाही. पण प्रत्येक ठोका शेवटी ठोकळ्यावरच येतो. प्लेटला सगळीकडून टेकू देणे, तिला उडू न देणे आणि निघालेल्या डॉवेलला कुठेही न शिवता खाली जाऊ देणे, ही त्याची तीन कामे. एकही ढिले पडले, की दोष डॉवेलवर दिसतो.

पुढची सगळी मापे १५० × ५० × ८ मिमीच्या प्लेटसाठी आहेत. तिच्यात ५, ६, ८, १० आणि १२ मिमीची पाच भोके एका ओळीत, केंद्रापासून केंद्र २५ मिमी अंतरावर आहेत असे धरले आहे. प्लेट वेगळी असेल तर आकडे बदला, हिशेब तोच राहील. गोंधळ टाळण्यासाठी प्लेटमधल्या भोकाला 'भोक' आणि त्याच्या खाली लाकडात पाडलेल्या भोकाला 'वाट' म्हटले आहे.

दोष कोणाचा, ते पाच मिनिटांत ठरवा

प्लेट ठोकळ्यातून काढा. कडक लाकडाच्या सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या, ४० मिमी तरी उंच, बाकाच्या पायाच्या अगदी वर समांतर ठेवा. दोन्हींमध्ये २० मिमीची फट सोडा. प्लेट या फटीवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. बाक खाली आरपार मोकळा नसेल तर ८०-९० मिमीची आखूड कांडी घ्या आणि ४० मिमीच्या आत थांबा, चाचणीला तेवढे पुरते.

आता ज्या फळीतून कापलेल्या कांड्या त्रास देत होत्या, त्याच फळीतली कांडी त्याच भोकातून ठोका. डॉवेल सरळ, स्वच्छ निघाला तर ठोकळा दोषी. इथेही तेच ओरखडे, तेच फाटणे दिसले तर प्लेटची कड किंवा लाकूड तपासायला हवे. त्याबद्दल खाली थोडक्यात आहे.

ही चाचणी वगळून थेट प्लेट घासायला बसू नका. दर घासण्यात वरचा पृष्ठभाग थोडा झिजतो, आणि भोक खाली रुंद असल्यामुळे माप हळूहळू वाढत जाते. १० मिमीचे भोक दहाच राहायला हवे असेल तर प्लेट कमीत कमी वेळा घासलेली बरी.

डॉवेल मध्येच अडकतो, ना पुढे जातो ना मागे येतो

आधी बघा, तो दर वेळी साधारण एकाच लांबीवर अडकतो का. तसे असेल तर प्लेटकडे बघूच नका, खाली वाका. ठोकळा व्हाइसमध्ये (बाकाच्या शिकंज्यात) धरला असेल तर निघालेला डॉवेल व्हाइसच्या मुख्य स्क्रूवर किंवा बाजूच्या दांड्यांवर टेकतोय. ठोकळा बाकाच्या भोकावर ठेवला असेल तर खालची फळी किंवा खण आडवा येतोय. टेकलेल्या डॉवेलवर ठोके घातले की तो प्लेटच्या खालीच फुगतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. मग ना वर ना खाली.

व्हाइसच्या बाबतीत उपाय सोपा आहे. वापरात असलेले भोक स्क्रू आणि दांडीच्या मधल्या मोकळ्या जागेवर येईल असा ठोकळा जबड्यांच्या एका बाजूला सरकवा. एकाच बाजूला धरल्यावर जबडा तिरका होतो, म्हणून दुसऱ्या बाजूला ठोकळ्याच्या धरलेल्या भागाइतक्याच जाडीचा लाकडी तुकडा घाला.

अडकण्याची लांबी दर वेळी वेगळी असेल तर कारण बहुधा वाटेत आहे. वाट एक तर अरुंद आहे, नाही तर तिरपी. हाताने धरलेल्या ड्रिलने भोक पाडताना २ अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही. पण ४२ मिमी जाडीच्या लाकडात २ अंश म्हणजे खालच्या तोंडाशी सुमारे दीड मिमीचे सरकणे. १० मिमीच्या भोकाखाली १३ मिमीची वाट ठेवली तर प्रत्येक बाजूला मोकळी जागा दीड मिमीच असते, ती सगळी या कलात संपते. डॉवेल भिंतीला घासू लागतो, गरम होतो, भुसा मध्ये दाबला जातो आणि काम थांबते.

उपाय म्हणजे वाट खालून रुंद करणे. वरचे १५ मिमी आहेत तसे राहू द्या, कारण प्लेटला टेकू तिथेच मिळतो. त्याखालचा सगळा भाग १८ मिमीच्या बिटने मोठा करा. तोच २ अंशांचा कल आता फक्त १५ मिमी उंचीत मोजायचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिमी. बिटच्या दांड्याला टेपची खूण करून खोली सांभाळा आणि शेवटचे दोन-तीन मिमी सावकाश जा. अडकण्याच्या बहुतेक तक्रारी या एका बदलाने संपतात आणि नवा ठोकळाही लागत नाही.

एक किरकोळ वाटणारे कारण राहिले: प्लेट उलटी बसवलेली असणे. भोकाची रुंद बाजू वर आली तर कड कापत नाही, कांडी नुसती चेपली जाते. व्हर्नियरने दोन्ही बाजूंनी मोजा, लहान माप वर हवे. बरोबर बाजूवर काहीतरी खूण करून ठेवा, कारण काढून-घालून झाल्यावर ही चूक कसलेल्या हातांकडूनही होते.

डॉवेलच्या एकाच बाजूला ओरखडा किंवा सपाट पट्टा

ठोकळा उचलून वाटेत खालून टॉर्च मारा. कोरड्या, खडबडीत भिंतीवर एखादा उभा, चकचकीत पट्टा दिसेल, पॉलिश केल्यासारखा. डॉवेल नेमका तिथे घासतोय. दिसत नसेल तर भिंतीला आतून खडू फासा आणि एक डॉवेल ठोका. खडू ज्या बाजूला लागून येईल ती बाजू तपासा. अर्धगोल कानशीने तेवढाच भाग काढा. पण वरच्या कडेला, प्लेटच्या लगत, कानस जाऊ देऊ नका. तिथले लाकूड गेले की टेकू गेला.

ओरखडा पूर्ण लांबीवर सारखा आहे आणि वाट स्वच्छ आहे, असे असेल तर भोकाच्या कडेला खाच पडली आहे. ती ठोकळ्याने बरी होणार नाही.

डॉवेल वाकडा निघतो

इथे लाकूड आणि ठोकळा दोष एकमेकांवर ढकलत बसतात. त्यांना वेगळे करायची युक्ती अशी: पाच कांड्या घ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर, तुमच्या समोरच्या बाजूला, पेन्सिलने रेघ मारा आणि ठोकताना ती रेघ समोरच ठेवा. डॉवेल निघाल्यावर तो कोणत्या दिशेला वाकला आहे ते बघा. पाचही एकाच दिशेला वाकले असतील तर प्लेट कलते आहे किंवा वाट एका बाजूला ढकलते आहे. प्रत्येकाची दिशा वेगळी असेल तर ठोकळा निर्दोष, कांड्यांच्या तंतूंच्या रेषा तिरप्या आहेत.

तिरप्या रेषेच्या कांडीला कोणताही ठोकळा सरळ करू शकत नाही. कड तंतूंच्या मागे जाते आणि डॉवेल त्यांच्यासोबत वळतो. म्हणून कांड्या करवतीने कापण्यापेक्षा पटाशीने फोडून काढलेल्या बऱ्या. फोडताना चीर तंतूंच्या बाजूनेच जाते.

सगळे डॉवेल एकाच दिशेला वाकत असतील तर ठोकळा बाकाच्या कडेबाहेर लोंबता ठेवलेला नाही ना, हेही बघा. मागे क्लॅम्प लावून पुढचे भोक हवेत ठेवायची पद्धत सर्रास दिसते. वाट मोकळी मिळते खरी, पण प्रत्येक ठोक्याला ठोकळा पुढे झुकतो आणि कांडी तिरपी आत शिरते. ठोका जिथे पडतो त्याच्या दोन्ही बाजूंना खाली भक्कम आधार हवाच.

ठोक्यासरशी प्लेट उडते, खणखणते

नीट बसलेल्या प्लेटवर ठोका पडला की 'ठक्' असा मुका आवाज येतो. 'ठण्' आला तर खाली कुठेतरी पोकळी आहे. प्रत्येक भोकाशेजारी बोटाच्या पेराने वाजवून बघा. आवाज जिथे बदलतो तिथे प्लेट टेकलेली नाही.

कारणे दोन. खाचेचा, म्हणजे प्लेट बसवायला ठोकळ्यात कोरलेल्या खोबणीचा, तळ मुळातच सपाट नाही, किंवा होता आणि आता दबला आहे. पहिले तपासायला प्लेटच्या खालच्या बाजूला मऊ पेन्सिल घासा, प्लेट खाचेत दाबून किंचित हलवा आणि उचला. काळे डाग जिथे उमटले तो उंचवटा. धारदार पटाशी सपाट धरून तेवढाच भाग खरवडा, पुन्हा दाबून बघा. वाटेच्या तोंडाभोवती सगळीकडे डाग उमटेपर्यंत हे चालू द्या. प्लेटच्या टोकांशी डाग नाही उमटले तरी चालेल, वाटेच्या काठाशी उमटायलाच हवेत.

दुसरे कारण लाकडाच्या स्वभावातले आहे. आडव्या ठेवलेल्या ठोकळ्यात ठोका तंतूंवर आडवा पडतो, आणि त्या दिशेने लाकूड दाब फार कमी सोसते, उभ्या दिशेच्या मानाने साधारण पाचव्या ते दहाव्या हिश्शाइतकाच. पाइनसारखे मऊ लाकूड तर लगेच चेपते. दबण्याची सुरुवात वाटेच्या काठापासून होते, म्हणजे नेमका आधार हवा तिथून. एमडीएफचा ठोकळा तर करूच नका. त्याचे काठ काही दिवसांत भुशासारखे सुटतात आणि हा भुसा प्लेटखाली शिरून तिला वर उचलतो.

पोकळी भरायला रबर, पुठ्ठा, फेल्ट असले काही घालू नका. प्लेट त्यावर उसळते, ठोक्याची निम्मी ताकद उसळण्यात जाते आणि कांडीचे डोके फुलासारखे पसरते.

स्क्रूबद्दल एक सावधगिरी. मध्ये पोकळी असताना टोकांचे स्क्रू जोर लावून आवळले तर प्लेट वाकते. पातळ, ६ मिमीच्या प्लेटमध्ये हे सरळपट्टी लावून दिसतेही. आधी तळ सपाट करा, मग स्क्रू. आवळणे एवढेच, की प्लेट हाताने हलत नाही.

ठोकळा भोकांच्या ओळीत चिरतो

पाच वाटा एकाच रेषेवर, आणि तीच रेषा तंतूंचीही. टपाल तिकिटांमधल्या टोचलेल्या रेघेसारखे झाले हे. त्यात एखादा डॉवेल अडकून पाचरीचे काम करतो आणि चीर पळते. पण चिरण्याचे आणखी एक कारण आहे, ते ऋतूशी जोडलेले. हवा कोरडी झाली की लाकूड रुंदीत आकसते, पोलाद आकसत नाही. प्लेट रुंदीत घट्ट बसवलेली असेल तर खाचेच्या भिंती तिला दोन्हीकडून आवळू लागतात आणि कोपऱ्यातून फाटतात. ५० मिमी रुंदीत हा फरक सहज अर्धा मिमी होतो, बीचसारख्या जास्त हलणाऱ्या लाकडात त्याहून जास्तही. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. तेव्हा खाच लांबीत घट्ट, रुंदीत सैल. 'सगळीकडून गच्च' हे इथे चांगल्या कारागिरीचे लक्षण मुळीच नाही.

नवा ठोकळा करायचा तर

लाकूड बीच, मेपल, शिसम किंवा जड, दाट सागवान. ओक चालतो, पण त्यातल्या टॅनिनमुळे दमट हवेत पोलादावर काळे डाग आणि गंज येतो, म्हणून प्लेटची खालची बाजू मेण लावूनच बसवा. लाकूड पूर्ण वाळलेले, गाठ नसलेले हवे. तुकडा २३० × ९० × ५० मिमी, तंतू लांबीच्या दिशेने. शिवाय खालच्या पायांसाठी २३० × ३० × २० मिमीच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये टोकांना घालायला २० मिमी जाडीचे दोन छोटे तुकडे.

खाच आखताना लांबी प्लेटवरूनच घ्या, टेपने मोजू नका. प्लेट ठोकळ्याच्या मधोमध ठेवून मार्किंग नाइफने दोन्ही टोकांच्या रेघा मारा. रुंदी मात्र ५१ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा मिमी मोकळा. खोली ७.५ मिमी. प्लेट ८ मिमीची असल्यामुळे ती अर्धा मिमी वर राहील. ती खोल बसली तर तिच्या कडेशी ढलप्या साचतात आणि दगडावर घासायची वेळ आली की दर वेळी काढावी लागते. राउटर (खाच कोरायचे यंत्र) असेल तर तळ एका सपाटीत येतो, नसेल तर आधी पटाशीने आडवे छेद घेऊन ६ मिमीपर्यंत उतरा आणि राहिलेला दीड मिमी हळूहळू खरवडा. पेन्सिलची चाचणी इथेच करून घ्या, वाटा पाडण्याआधी.

मग प्लेट खाचेत बसवून दोन्ही टोकांचे स्क्रू लावा. स्क्रू ४ मिमी जाड, ३० मिमी लांब, चपट्या डोक्याचे. लाकडात आधी ३ मिमीचे बारीक भोक पाडलेच पाहिजे, कडक लाकडात नुसता स्क्रू घुसवला की चीर पडलीच. प्लेटमधली स्क्रूची भोके ५ मिमीची असावीत, म्हणजे लाकडाच्या हालचालीला जागा राहते. प्लेट कडक पोलादाची असून तिला स्क्रूची भोके नसतील तर ती पाडायच्या भानगडीत पडू नका. ठोकळ्यावर दोन्ही टोकांना लोखंडी पट्टीचे तुकडे असे स्क्रू करा, की ते प्लेटवर ६-७ मिमी चढतील. पाचर मारून बसवायची असेल तर पाचर लांबीच्या दिशेने, प्लेटच्या टोकाशी. रुंदीच्या बाजूने मारलेली पाचर ठोकळा फाडते.

आता केंद्रे. प्लेट जागेवर असताना भोकांतून ड्रिल चालवून वाटा पाडायचा मोह होतो, कारण ते सोपे दिसते. करू नका. फिरणारा बिट भोकाच्या कडेला लागतो आणि जी कड कापायला हवी तीच खराब होते. त्याऐवजी भोकात सैल जाणारा एक छोटा डॉवेल घ्या, त्याच्या टोकाच्या बरोबर मध्ये एक बारीक खिळा ठोकून त्याचे डोके कापा आणि टोक बाहेर राहू द्या. डॉवेलभोवती कागदी टेप गुंडाळा, तो भोकात हलणार नाही इतकी. वरून हलके दाबले की खाली केंद्राचा ठिपका उमटतो. पाचही ठिपके घ्या, मग प्लेट काढून ठेवा.

ड्रिल प्रेस असेल तर उत्तम. हाताने पाडणार असाल तर गुण्या ड्रिलशेजारी दोन दिशांना उभा करून बघत जा. आधी प्रत्येक केंद्रातून ३ मिमीचे भोक आरपार. ठोकळा उलटा करून खालून १८ मिमीचा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचे भोक पाडणारा) २७ मिमी खोल उतरवा. केंद्रे २५ मिमी अंतरावर असल्यामुळे शेजारच्या दोन वाटांमध्ये ७ मिमीची भिंत उरते, ती पुरते. १८ ऐवजी २२ घेतला तर भिंत ३ मिमीची होईल आणि ती टिकणार नाही. पुन्हा सुलटा करून वरून प्रत्येक भोकापेक्षा ३ मिमी मोठा बिट: ५ ला ८, ६ ला ९, ८ ला ११, १० ला १३, १२ ला १५. वरच्या तोंडाचा काठ तिरपा मारू (चॅम्फर करू) नका, पॉलिश पेपरही फिरवू नका. नीटनेटकेपणाच्या सवयीने हात तिकडे जातोच, पण काठ गोल झाला की प्लेटचा टेकू मिलिमीटरभर मागे सरकतो.

चिरू नये म्हणून ठोकळ्याच्या दोन्ही टोकांपासून ३० मिमीवर, प्लेटच्या बाहेर, रुंदीच्या दिशेने ६ मिमीचा एकेक बोल्ट आरपार घाला. दोन्हीकडे रुंद वॉशर लावा. कोरड्या दिवसांत लाकूड आकसले की नट ढिले होतात, अर्धा फेरा आवळायचा.

पायांच्या पट्ट्या खाली लांबीच्या दिशेने चिकटवा आणि स्क्रूही मारा. दोन्हींमध्ये २० मिमीची फट, वाटांच्या ओळीच्या बरोबर खाली. म्हणजे बाहेरून बाहेरची रुंदी ६० मिमी होते आणि ठोकळ्याला दोन्हीकडे १५ मिमीचे खांदे मिळतात. व्हाइसमध्ये पाय धरायचे आणि खांदे जबड्यांवर टेकवायचे. नुसता चौकोनी ठोकळा जबड्यांत आवळला तर तो केवळ घर्षणावर उभा असतो आणि दर ठोक्याला केसभर खाली सरकतो. २० मिमीचे दोन छोटे तुकडे फटीच्या टोकांना चिकटवायला विसरू नका, नाहीतर जबडे आवळताच पाय आत दबतील.

शेवटी ठोकळ्याला सहाही बाजूंनी तेल, वाटांच्या आतून मेण. खाचेच्या तळाला व्हार्निश नको. त्याचा थर ठोक्याने तडकतो आणि त्याचे कण प्लेटखाली राहतात.

जुनाच वाचवायचा तर

तळात ०.३ ते १ मिमीपर्यंतचे खड्डे असतील तर इपॉक्सीची बैठक करता येते. प्लेटच्या खालच्या बाजूला मेणाचे दोन हात द्या, भोके मेणाने बुजवा, स्क्रूंनाही मेण लावा. तळावर इपॉक्सीचा पातळ थर पसरा, वाटांच्या काठापासून ३-४ मिमी दूर, दाबल्यावर तो पुढे येतोच. प्लेट ठेवून स्क्रू फक्त टेकेपर्यंत फिरवा. इथे जोर लावला तर प्लेट वाकलेल्या अवस्थेतच बैठक घट्ट होईल आणि तो वाकडेपणा कायमचा. २४ तासांनी प्लेट काढून वाटेत आलेला इपॉक्सी कानशीने साफ करा.

दबलेले लाकूड एक मिमीपेक्षा खोल गेले असेल तर इपॉक्सी भरत बसू नका. खाच दबलेल्या तळापासून इतकी खोल करा, की ३ मिमी जाडीची साध्या लोखंडाची पट्टी खाली बसून प्लेट पुन्हा अर्धा मिमी वर राहील. पट्टीत वाटांच्याच मापाची भोके पाडा, म्हणजे ११, १३ वगैरे, आणि त्यांच्या कडांची बोच कानशीने काढा. पट्टी ठोक्याचा भार जास्त लाकडावर पसरवते. चिरलेल्या ठोकळ्यात चिरेत पातळ गोंद खेळवून क्लॅम्प करा आणि वर सांगितलेले दोन बोल्ट घाला. चीर वाटेतून आरपार गेली असेल तर मात्र तो चुलीचाच.

जे ठोकळ्याने सुटणार नाही

दोन पट्ट्यांवरच्या चाचणीतही डॉवेल खरबरीत, लव असलेला निघाला तर कड बोथट आहे. प्लेटचा वरचा पृष्ठभाग सपाट दगडावर घासा, भोकात आतून काही घालू नका. कांडी भोकापेक्षा एक मिमीच मोठी आणि चारही कोपरे मारून अष्टकोनी केलेली हवी, टोक १५-२० मिमी लांब निमुळते. तीन-चार मिमी जास्तीची चौकोनी कांडी थेट शेवटच्या भोकात घातली तर ढलप्या फाटून निघतात. आधी मोठ्या भोकातून काढा, मग हव्या त्या भोकातून. ६ मिमीची कांडी १५० मिमीपेक्षा लांब ठेवू नका, ठोक्याखाली धनुष्यासारखी वाकते आणि दोष पुन्हा ठोकळ्यावर येतो. ओल्या लाकडाचा डॉवेल निघताना गोल असतो आणि वाळल्यावर लंबगोल होतो, त्यामुळे कांड्या आधी वाळवा.

डॉवेलचे शेवटचे २० मिमी आत घालताना हातोडा प्लेटवर आपटतो. लोखंडी हातोडा असेल तर कडेची ढलपी उडते, कडक पोलादाची प्लेट असल्यास तुकडा डोळ्याकडेही येऊ शकतो. त्यामुळे हातोडा लाकडीच, आणि डोळ्यांवर गॉगल. शेवटचा भाग पुढच्याच कांडीने ढकला: तिचे निमुळते टोक आधीच्या डोक्यावर टेकवा आणि ठोकत राहा, एकामागून एक सगळे बाहेर पडतात. सगळ्यात शेवटच्या कांडीसाठी एक मिमी लहान डॉवेलचा ६०-७० मिमीचा तुकडा हाताशी ठेवा. पाचही मापांचे असे तुकडे ठोकळ्याच्या बाजूला भोके पाडून त्यांतच खोचून ठेवता येतात, फक्त ती भोके बोल्टच्या आड येणार नाहीत एवढे बघा.